केना

मी झाडं लावायला गेले होते. तिथं रोपांचे ट्रे मांडलेले असतील, खड्डे खणलेले असतील, आपण रोप ठेवायचं, माती लोटायची, पाणी घालायचं, असं सगळं डोळ्यांसमोर होतं. सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामॅटाजवळ, आमच्या घरापासून दहा मिनिटं चालत गेलं की एक ओढा लागतो. त्याच्या दोन्ही काठांना वालुकाश्मांच्या कपारींत राखलेलं रान आहे. इथले लोक त्याला 'बुश' म्हणतात. आपला 'रान' हा शब्द त्याला अगदी नेमका बसतो. कौन्सिलच्या बुशकेअर गटात नाव नोंदवून मी महिन्यातल्या ठरलेल्या रविवारी सकाळी साडेआठला तिथं पोचले.

गटाच्या प्रमुख बाईंनी वहीत सही घेतली, माझ्या बुटांच्या तळव्यांवर स्पिरिट फवारलं आणि हातात एक छोटी सुरी दिली. झाडांची मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा नावाचा एक सूक्ष्म जीव मातीतून, बुटांना चिकटून एका रानातून दुसऱ्या रानात जातो, म्हणून ते स्पिरिट. सुरी कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. गुडघ्यांखाली घ्यायला फोमचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, "आज माझ्या शेजारी बसा. काही उपटू नका. आधी नुसतं बघा."

समोर नाजूक, झिरमिळ्यांसारख्या पानांचं एक हिरवंगार झुडूप होतं. इथे त्याला ॲस्परॅगस फर्न म्हणतात, पण ते नेच्यांपैकी नाही. आपल्या शतावरीचं ते जवळचं नातलग, दक्षिण आफ्रिकेतून बागांमध्ये आलेलं. त्याची लाल फळं पक्षी खातात आणि बी रानभर टाकतात. बाईंनी एका हातानं त्याच्या काटेरी फांद्या एकत्र धरल्या, दुसऱ्या हातानं सुरी तिरकी मातीत घातली आणि गोल फिरवली. कर्रकर्र करत मुळं तुटली. वर आला तो मुठीएवढा गड्डा, आणि खाली मातीत राहिले शतावरीसारखेच पाणीदार, पांढुरके कंद, डझनांनी. मी ते उकरायला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. ते कंद म्हणजे नुसती पाण्याची भांडी, त्यांतून काही फुटत नाही. फुटतं ते वरच्या गड्ड्यातून. तो काढला की काम झालं. कंद उकरायला गेलं तर वीतभर माती उलटीपालटी होते, आणि उघड्या मातीत पहिलं काय उगवतं? तणच.

गड्डा काढल्यावर बाजूला सारलेला पालापाचोळा त्यांनी दोन्ही हातांनी परत जागेवर ओढून घेतला. जखमेवर पांघरूण घालावं तसा. मग कुणाला कळलंही नसतं की तिथं कुणी हात लावलाय.

या पद्धतीला इथे ब्रॅडली पद्धत म्हणतात. जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणी सिडनी बंदरालगतच्या मॉसमनमध्ये राहायच्या. १९६० च्या दशकात रोज फिरायला जाताना त्या रानातलं थोडंथोडं तण काढू लागल्या. त्या काळात रान साफ करायचं म्हणजे सगळं सपाट कापून काढायचं अशी रीत होती, आणि दर वेळी तण दुपटीनं परतायचं. या दोघींनी उलटी वाट धरली. जिथं रान सर्वात चांगलं आहे तिथून सुरुवात करायची आणि वाईटाकडे सरकायचं. मातीला कमीत कमी हात लावायचा. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वात कठीण गेली: रान स्वतः जेवढ्या वेगानं भरून येईल तेवढ्याच वेगानं पुढे जायचं. मागची जागा भरली नसेल तर पुढचं तण, ते कितीही डोळ्यांत खुपत असलं तरी, तसंच राहू द्यायचं. लावायचं म्हणून काही नाही. बी मातीत आहे. त्याला उजेड द्यायचा आणि थांबायचं.

त्यांच्याही आधी हे केलेली माणसं आहेत. ब्रोकन हिल या खाणींच्या गावाभोवती धुळीची वादळं उठायची, कारण गुरांनी आणि सशांनी आसपासचं सगळं रान चरून टाकलं होतं. १९३६ मध्ये अल्बर्ट मॉरिस नावाच्या माणसाच्या आग्रहानं तिथली जमीन कुंपण घालून बंद केली गेली. चरणारी तोंडं थांबली आणि उघड्या मातीतून हिरवळ आपली आपण वर आली. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडची चराईबंदी आठवली. माथ्यावर कुऱ्हाड आणि गुरं थांबली की डोंगर कसा भरून येतो, हे पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या माणसाला मुद्दाम सांगावी लागते. या वालुकाश्माच्या मातीत फॉस्फरस फार थोडा. इथली झाडं लाखो वर्षं त्या गरिबीत मुरलेली. बँक्सियासारख्या झाडाला फॉस्फरसचं खत घातलं तर ते मरू शकतं. वरच्या घरांतल्या लॉनला घातलेलं खत, गाड्या धुतल्याचं पाणी, कुत्र्यांची घाण, सगळं पावसाच्या गटारांतून ओढ्यात उतरतं आणि माती सुपीक होते. सुपीक झाली की इथलं मागे पडतं आणि बाहेरचं माजतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला 'माती सुपीक झाली' हे वाक्य दुःखानं उच्चारायला शिकायला वर्ष लागलं. कापलेलं गवत आणून कुणी कुंपणापलीकडे रानात ओततं, तेव्हा बहुधा त्यांच्या मनात काही वाईट नसतं. आपण रानाला खतच देतोय असं त्यांना वाटतं. त्या ढिगाखाली मग दोन-तीन वर्षं काही धड उगवत नाही. मला त्याचा राग येतो, अजून येतो.

दुसऱ्या महिन्यात मी लँटानापर्यंत पोचले. पानं चुरगळली आणि वास आला. मी तशीच उभी राहिले. घाणेरी! शाळेच्या वाटेवरची, पिवळ्या-गुलाबी फुलांची, जिची काळी फळं आम्ही खायचो ती टणटणी. दहा हजार किलोमीटरवर कुणी ओळखीचं भेटावं तसं झालं. घरी जाऊन वाचलं, तेव्हा कळलं की ती तिकडचीही नाही. तिचं मूळ घर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेची म्हणून आली, आणि ऑस्ट्रेलियात १८४१ च्या सुमारास तशीच. आज इथे तिनं चाळीस लाख हेक्टरांहून जास्त जमीन व्यापली आहे.

मग शोधत गेले आणि आणखी सापडत गेलं. कोकणात सामाजिक वनीकरणात ओळीनं लावलेली ती 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' या देशाच्या उत्तरेकडची. आणि आपली बाभूळ, जिच्या डिंकाचे लाडू होतात, जिची काडी दातांना लावतात, ती १८९० च्या दशकात सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी क्वीन्सलंडमध्ये आणली गेली. आज तिथल्या मिचेल गवताच्या माळांवर लाखो हेक्टरांत तिचं काटेरी जंगल माजलंय. १९९९ साली या देशानं राष्ट्रीय पातळीवरची जी वीस तणं जाहीर केली, त्यांत घाणेरी आहे आणि बाभूळही. बाभळीचं नाव त्या यादीत वाचताना घशात काहीतरी अडकलं. झाडाचा दोष नाही. ज्या किड्यांनी, ज्या शेळ्यांनी, ज्या दुष्काळांनी तिला तिकडे आवरून धरलं होतं, त्यांच्यातून तिला एकटी उचलून इथे आणली.

घाणेरीची भिंत बघून मला वाटलं होतं, चारच रविवार, सगळी कापून टाकू. आमच्या गटात एक ऐंशी पार केलेल्या बाई आहेत. तीस वर्षं या ओढ्यावर येतात. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि झुडपाकडे बोट केलं. आत काहीतरी टिचक टिचक करत होतं. मग शेपटी उभी ठेवून एक पिटुकला पक्षी बाहेर आला, डोक्यावर आणि गालावर असा निळा की डोळे दिपावेत. फेअरी-रेन. त्याच्यामागे तपकिरी मादी, आणखी दोन. हे पक्षी दाट, काटेरी झुडपांत घरटं करतात. इथली मूळची झुडपं गेली, तेव्हा त्यांनी घाणेरीचा आसरा घेतला. बँडिकूट हा नाकाळ प्राणीही रात्री तिच्याखालीच दडतो. एका दिवसात सगळी घाणेरी काढली तर आपण रान वाचवलं म्हणून घरी जाऊ आणि हे उघड्यावर पडतील. म्हणून तुकड्या-तुकड्यांनी काढायची. एक पट्टा मोकळा करायचा, तिथं बर्सारियाची काटेरी झुडपं कमरेएवढी होईपर्यंत शेजारच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. त्या एका भिंतीला आम्हाला आतापर्यंत पाच वर्षं लागली आहेत. शेवटचा तुकडा अजून उभा आहे.

घाणेरीचं खोड जमिनीलगत कापलं की लगेच, काही सेकंदांच्या आत, त्या कापावर ग्लायफोसेटचा बोळा फिरवायचा. उशीर झाला की झाड ती जखम बंद करतं. या औषधाशी माझं मन आजही पूर्ण जुळलेलं नाही. ओढ्याच्या काठावर बसून विषाची बाटली उघडताना दर वेळी हात थबकतो. पण खडकाच्या फटीत रुतलेली मुळं उपटायची तर खडकच सुटतो आणि काठ खचतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही थेंब मोजून वापरतो. जिथं सुरीनं भागतं तिथं बाटली काढत नाही.

आणि मग ती चूक.

ओढ्यालगत ट्रॅड नावाचं तण आहे. दक्षिण अमेरिकेतलं. जमिनीवर सरपटतं, रसाळ, चकचकीत पानं, तीन पाकळ्यांचं पांढरं फूल. इतकं दाट की त्याच्याखाली कुठलंच बी उजेड बघत नाही. त्याच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं, बोटाच्या पेराएवढा तुकडा जरी राहिला तरी पुन्हा गालिचा होतो. म्हणून ते सतरंजीसारखं गुंडाळत जायचं आणि मागे राहिलेला प्रत्येक तुकडा हातानं वेचायचा. मला हे काम मनापासून आवडायचं. मान खाली, हात चालू, ओढ्याचा आवाज. तीन रविवार मी एका कोपऱ्यात अशी रमले होते. चौथ्या रविवारी प्रमुख बाई माझ्या पिशवीपाशी वाकल्या, आतून एक वेल उचलला आणि काही न बोलता त्याचं टोक उलगडून माझ्या तळहातावर ठेवलं. होडीसारख्या मिटलेल्या पानातून एक कळी डोकावत होती. निळी.

तो ट्रॅड नव्हता. कॉमेलिना सायानिया. इथलाच, या ओढ्याचा. युरोपीय वसाहतीच्या सुरुवातीच्या दिवसांत स्कर्व्ही होऊ नये म्हणून लोकांनी त्याची पानं खाल्ली, म्हणून इंग्रजीत त्याला स्कर्व्ही वीड म्हणतात. ट्रॅड हलक्या हातानं निघतो, हा ओढला की जमीन धरून ठेवतो. माझ्या हातांना तीन रविवार तो फरक जाणवत होता, आणि मी जास्त जोर लावत होते. पिशवीत कितीतरी होता. बाई एवढंच म्हणाल्या, "मूळ खोल असतं त्याचं. थोडं मागं राहिलं असेल." त्या दिवशी घरी येताना मला फार लाज वाटली. कापणं कुणालाही येतं. आपण ज्याला हात लावायचा नाही त्याची ओळख आधी हवी होती, आणि पहिल्या दिवशी 'नुसतं बघा' असं मला सांगितलं होतं, ते याचसाठी.

त्यानंतर मी वर्षभर नवं काही उपटलं नाही. ज्येष्ठ बाईंच्या मागे मागे फिरले आणि नावं घोकली. लोमँड्राच्या पानाचं टोक कुरतडल्यासारखं असतं, पानाच्या बुडाचा पांढरा भाग खाता येतो, आणि इथले मूळ लोक त्या पानांच्या टोपल्या विणतात. अँगोफोरा उन्हाळ्याच्या तोंडावर साल टाकतो आणि खालून नारिंगी-गुलाबी खोड निघतं, हात लावला तर ओल्या कातडीसारखं गार. ही जमीन डारग लोकांची. पॅरामॅटा हे नावच मुळी त्यांच्या 'बुरामत्ता'वरून आलं, वाम मासे जमतात ती जागा. हे वाम अजूनही इथून समुद्रात उतरतात आणि अंडी घालायला दूर कोरल समुद्राकडे जातात. दर रविवारी काम सुरू करण्याआधी आम्ही डारग लोकांचं स्मरण करतो. आता ते मला उपचार वाटत नाही. त्यांनी हजारो वर्षं हे रान विस्तवाच्या लहान लहान आचांनी राखलं होतं. १७८८ नंतर ती आच थांबली.

ती आच मी एकदाच पाहिली. एका हिवाळ्यात काढलेल्या घाणेरीचे वाळलेले ढीग अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली जाळले. राखेचे पाच-सहा काळे वर्तुळाकार डाग राहिले. सहा आठवड्यांनी पाऊस पडून गेल्यावर मी त्यांतल्या एकापाशी गुडघे टेकले, आणि बराच वेळ उठले नाही. राख फोडून शंभरेक रोपं वर आली होती, बोटभर. त्यांना बाभळीसारखी बारीक पिसांची पानं होती. वॅटल म्हणजे बाभळीचंच इथलं नातलग, त्याची पहिली पानं अशीच असतात. मग हळूहळू देठच रुंद होत जातो आणि पिसं गळून त्या देठाचंच पान होतं. एका रोपावर तर दोन्ही एकत्र होती, रुंदावलेल्या देठाच्या टोकाला अजून पिसं लटकलेली. ती बियाणी मातीत किती वर्षं पडून होती कुणास ठाऊक. वॅटलचं बी काही दशकंही वाट बघू शकतं. आच लागली की त्याचं कवच तडकतं. इथल्या कितीतरी झाडांच्या बियांना तर धूरही कळतो. २००४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी धुरातला तो पदार्थ वेगळा काढला. त्या वर्गाला कॅरिकिन हे नाव मिळालं, तिथल्या मूळ लोकांच्या नूंगार भाषेत धुराला जो शब्द आहे त्यावरून. त्या जागेवर कुणीही एकही रोप लावलं नव्हतं.

२०२२ मध्ये पाऊस थांबेचना. सिडनीच्या नोंदींतलं ते सर्वात ओलं वर्ष, अडीच हजार मिलिमीटरहून जास्त. मार्चमध्ये ओढा काठ सोडून वर आला, जुलैत पुन्हा. पाणी उतरल्यावर आम्ही खाली गेलो तर ज्या वीस मीटर काठावर तीन वर्षं खपलो होतो, तिथं गाळ, प्लास्टिक आणि वरून वाहून आलेला ट्रॅड. प्रत्येक तुकडा रुजलेला. कुणी बोललं नाही. ऐंशीच्या त्या बाई गाळात काठी रोवून उभ्या होत्या. मग त्या काठाच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी पोचलं नव्हतं आणि रान चांगलं होतं, तिथं गेल्या आणि बसल्या. चांगल्याकडून वाईटाकडे. आम्हीही जाऊन बसलो.

गेल्या ऑक्टोबरात आई आली, तीन महिन्यांसाठी. दुसऱ्याच रविवारी तिला घेऊन गेले. फोमचा तुकडा तिनं घेतला नाही. उकिडवी बसली, सुरी हातात फिरवून बघितली, "खुरपं असतं तर बरं," म्हणाली आणि कामाला लागली. आयुष्यभर खुरपणी केलेला हात. आमच्या गटातली माणसं आपलं काम सोडून तिच्याकडे बघत होती. पुढे पुढे सरकतानाही तिचा पाय एकाही कोवळ्या रोपावर पडत नव्हता.

मी तिला ट्रॅड दाखवला, पांढरं फूल दाखवलं. कॉमेलिनाचं सांगायला तोंड उघडणार, तोच ती थांबली. ट्रॅडच्या गालिच्याखाली दोन बोटं घालून तिनं एक वेल अलगद वर उचलला.

"अगं, हा तर केना."

"केना नाही, आई. त्याच्याच घराण्यातला. इथला आहे."

"तेच ते. पान बघ, फूल बघ." तिनं पान मोडून वास घेतला. "भजी होतात याची. आणि वावरात मेला जीव खातो. उपटून बांधावर टाकला तर बांधावर रुजतो. तण खाई धन, ते हेच." मग माझ्याकडे वळून, "काढायचा ना?"

"नाही. हा ठेवायचा."

तिनं माझ्याकडे बघितलं, वेलाकडे बघितलं. तिकडे सत्तर पावसाळे ती हाच काढत आलेली. मग सुरी बाजूला ठेवली आणि नुसत्या नखांनी त्याच्या भोवतीचा ट्रॅड सोडवायला लागली, एकेक पेर, गुंतलेल्या केसांतून काटा काढावा तसा. त्या एका वेलापाशी ती चहाच्या सुट्टीपर्यंत बसून होती. उठली तेव्हा तिथं पसाभर मोकळी माती होती आणि मधोमध तो, तीन निळी फुलं घेऊन. जाताना तिनं आसपासचा पाचोळा दोन्ही हातांनी त्याच्या बुडाशी ओढून घेतला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जानेवारीत ती परत गेली. जुलैत फोन आला, तिकडे पाऊस लागला होता, सकाळी परसातल्या केन्याची भजी केली म्हणाली. मग विचारलं, "तुझा केना कसा आहे?"

"थंडी आहे ना इथं. वाळून गेलाय. वर काहीच दिसत नाही."

"मूळ आहे ना?"

"मूळ आहे."

"मग सप्टेंबरात बघ," म्हणाली, आणि भज्यांचं पुढे सांगायला लागली.